‘काम करणाऱ्यालाच आणखी काम, मग करायचं कशाला?’

सरकारी कार्यालयांतून समुपदेशनाला येणाऱ्यांच्या तोंडी हा प्रश्न हमखास असतो. निवृत्तिवेतन शाखेतले एक वरिष्ठ लिपिक तोच घेऊन आले. एके काळी झपाट्याने कामं उरकणाऱ्या या माणसाला आता फाइल उघडावीशीही वाटत नव्हती. आपण आळशी झालो का, ही बोच मनात होती.

त्यांना आठवडाभर एक वही ठेवायला सांगितली. परत आलेली प्रत्येक फाइल, तिच्यावरचा शेरा आणि अडलेलं नेमकं कारण, एवढंच लिहायचं. वही बोलकी निघाली. बहुतेक फाइलींवर ‘चर्चा करा’ इतकाच शेरा. चर्चेला साहेबांना सवड नाही, म्हणून फाइल पडून. शिवाय शेजारच्या टेबलावर तुंबलेलं काम ‘तुम्ही पटकन करता’ म्हणत यांच्याकडे सरकवलेलं.

मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर व्रूम यांनी 1964 मध्ये उमेदीचे तीन दुवे मांडले: मेहनतीने काम तडीस जाईल हा विश्वास, काम झाल्यावर त्याचं फळ मिळेल ही खात्री आणि त्या फळाचं आपल्या लेखी मोल. यांचा गुणाकार होतो, एक शून्य झाला की सगळंच शून्य. इथे पहिला दुवा तुटला होता आणि दुसरा उलटा फिरला होता, चांगल्या कामाचं फळ म्हणजे जादा काम! याला आळस म्हणणं अन्यायाचं आहे.

वही घेऊन ते अधिकाऱ्यांशी बोलले. तीन गोष्टी ठरल्या. शेऱ्यात कमी असलेल्या कागदाचं नाव लिहायचं. चर्चेसाठी आठवड्यातून दोनदा अर्धा तास राखायचा. दुसऱ्या टेबलाचं काम द्यायचं तर लेखी, आणि तेवढंच काम यांच्याकडून काढून. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड, कारण ज्याचं काम परत त्याच्याकडे जातं तो कुरकुरतो. अधिकारी तिथेच ढिले पडतात.

फाइलींची नुसती संख्या मोजण्याचा प्रस्तावही होता, तो टाळायला सांगितला. संख्या मोजली की सोपी प्रकरणं आधी उचलली जातात आणि कुटुंब निवृत्तिवेतनाचं गुंतागुंतीचं प्रकरण तळाशी राहतं. त्यापेक्षा सगळ्यात जुनी फाइल किती दिवसांची आहे, ते पाहावं. मंजुरीची प्रतही प्रकरण तयार करणाऱ्याला मिळावी. आपण हाताळलेल्या प्रकरणात पैसे सुरू झाले की नाही, हे या लिपिकांना कधी कळतच नव्हतं.

पदोन्नती सेवाज्येष्ठतेनेच होणार, हे मात्र त्यांना स्पष्ट सांगितलं.

तुमचंही असंच होत असेल तर आधी वही ठेवा. पण सुटीच्या दिवशीही उदासी हटत नसेल, झोप आणि भूक गेली असेल, तर शेऱ्यांच्या मागे न लागता डॉक्टरांना भेटा.