मोबाइल फोनने विकसनशील देशांतील गरिबाचे उत्पन्न वाढते का?

विकसनशील देशांत मोबाइल फोनमुळे सामान्य माणसाचे आर्थिक व सामाजिक जीवन कितपत बदलले, आणि सरकारने गरीब कुटुंबांना मोफत फोन वाटले तर त्यांची परिस्थिती सुधारेल का, असा आपला प्रश्न आहे. शेतमालाच्या बाजारव्यवस्थेचा अभ्यास करीत असल्यामुळे या प्रश्नाशी माझा बराच संबंध आला आहे. फोनमुळे माणसाला बातमी लवकर कळते हे खरे. परंतु त्या बातमीप्रमाणे वागण्याची मोकळीक त्याच्यापाशी असेल तरच तिच्यातून चार पैसे सुटतात, असे माझे मत झाले आहे.

या विषयावरील चर्चेत केरळच्या मच्छीमारांचे उदाहरण हमखास दिले जाते, आणि ते देण्याजोगे आहेच. कासरगोड, कण्णूर आणि कोळिक्कोड या उत्तर केरळच्या जिल्ह्यांत १९९७ ते २००१ या काळात मोबाइल सेवा टप्प्याटप्प्याने पोहोचली, आणि मनोरे किनाऱ्यालगत असल्यामुळे समुद्रात वीस-पंचवीस किलोमीटरपर्यंत फोन लागू लागला. त्याआधी तारली पकडणारा मच्छीमार सहसा आपल्याच गावच्या किनाऱ्यावर होडी लावीत असे. शेजारच्या किनाऱ्यावर काय भाव आहे हे कळण्याचा मार्ग नव्हता, तेथे जाऊन पाहण्यात इंधन जळत असे, आणि सकाळचा बाजार काही तासांतच उठत असे. रॉबर्ट जेन्सन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने तेथील बाजारांची अनेक वर्षांची आकडेवारी गोळा करून २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. जानेवारी १९९७ मधील एका सकाळी वडकरा येथे गिऱ्हाईक नसल्याने मासे फेकून देण्याची वेळ आली असताना, अवघ्या पंधरा किलोमीटरच्या आतल्या किनाऱ्यांवर खरेदीदार रिकाम्या हाताने परतत होते, अशी नोंद त्यात आहे. फोन आल्यानंतर ठिकठिकाणच्या भावांतील तफावत कमी झाली, रोजच्या मासळीपैकी पाच ते आठ टक्के वाया जात असे ते जवळजवळ थांबले, मच्छीमारांचा नफा सुमारे आठ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकाला मासे सुमारे चार टक्के स्वस्त मिळू लागले. विकणारा आणि घेणारा या दोघांचाही एकाच वेळी फायदा व्हावा, हे बाजारात क्वचितच घडते.

मात्र हे का घडले, ते नीट पाहिले पाहिजे. माल होडीतच होता, होडीला इंजिन होते आणि ती कोणत्या किनाऱ्याकडे वळवायची हे ठरविणारा माणूस होडीतच बसलेला होता. पुढे काही अभ्यासकांनी असा आक्षेपही घेतला की दलालाकडून कर्जाऊ रक्कम घेतलेल्या मच्छीमाराला हवे तेथे मासे विकण्याचे स्वातंत्र्य नसते. मला हा आक्षेप महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडच्या कांद्याचा अनुभव त्याच्याशी जुळतो.

रॉयटर्स मार्केट लाइट या नावाची सेवा २००७ मध्ये महाराष्ट्रात सुरू झाली होती. ती शेतकऱ्यांना बाजारभाव, हवामान आणि पिकांविषयीचा सल्ला मोबाइल संदेशाद्वारे पाठवीत असे. मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिंटेन या अर्थशास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातील १०० गावांत तिची रीतसर चाचणी घेतली. काही शेतकऱ्यांनी शिवारातच माल विकण्याऐवजी तो बाजारात नेला, काहींनी बाजार बदलला. परंतु हाती पडलेल्या भावात सरासरीने म्हणण्याजोगा फरक आढळला नाही. कांदा उत्पादकांशी ज्याचा थोडाफार परिचय आहे त्याला याचे नवल वाटू नये. आज लासलगावचा किंवा पिंपळगाव बसवंतचा लिलावाचा भाव व्हॉट्सअॅपच्या गटावर काही मिनिटांत येतो. पण ट्रॅक्टर भाड्याचा असतो, घराजवळची बाजार समिती सोडून लांब जायचे तर भाडे वाढते, तेथे आवक जास्त झाली तर रात्र वाहनातच काढावी लागते, आणि उचल दिलेल्या व्यापाऱ्याला डावलणे सोपे नसते. त्यातच निर्यातबंदीचा निर्णय झाला की सगळ्याच बाजारांतील भाव एकदम पडतात. अशा वेळी फोनवरून शेतकऱ्याला आपले नुकसान फक्त लवकर कळते.

याउलट केनियात फोनवरून बातमीबरोबर पैसाही जाऊ लागला, आणि म्हणून तेथील परिणाम अधिक खोलवर झाला. तेथे नैरोबीत नोकरी करणारा मनुष्य गावी पैसे पाठवायचा तो बसचालकाच्या हाती, ओळखीच्या माणसाबरोबर किंवा टपालाने. बहुसंख्य लोकांचे बँकेत खाते नव्हते. सफारीकॉम कंपनीने मार्च २००७ मध्ये एम-पेसा सेवा सुरू केली. तिची आधीची चाचणी खरे तर लघुकर्जांचे हप्ते फेडण्यासाठी होती, परंतु लोक ती एकमेकांना पैसे पाठविण्यासाठी वापरू लागले आणि कंपनीने तोच धागा पकडला. साधा बटणांचा फोन, एक गुप्त क्रमांक आणि कोपऱ्यावरच्या दुकानात बसलेला एजंट एवढ्यावर व्यवहार होतो. दुकानदाराला रोख द्यायची, ती आपल्या फोनवर जमा करून घ्यायची आणि तेथून गावाकडच्या फोनवर पाठवायची. गावाकडच्या आईने तिकडच्या दुकानातून ती रोख काढून घ्यायची. या यशाचे श्रेय लोक तंत्रज्ञानाला देतात, मी ते त्या एजंटांच्या जाळ्याला देईन. गल्लाभर रोकड सांभाळून बसलेला विश्वासाचा दुकानदार नसता, तर फोनमधील आकड्याला कोणी पैसा मानले नसते.

विल्यम जॅक आणि तवनीत सुरी या अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासांतून पुढील चित्र दिसते. आजारपण किंवा पीक बुडणे असे संकट आले की ही सेवा न वापरणाऱ्या कुटुंबांना आपला खर्च सुमारे सात टक्क्यांनी कमी करावा लागला. वापरणाऱ्यांचा खर्च कमी झाला नाही, कारण नातेवाइकांची मदत दूरवरून त्याच दिवशी पोहोचली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अंदाजानुसार एम-पेसामुळे केनियातील सुमारे १,९४,००० कुटुंबे, म्हणजे एकूण कुटुंबांपैकी दोन टक्के, दारिद्र्यातून बाहेर आली आणि सुमारे १,८५,००० स्त्रिया शेती सोडून लहानमोठ्या धंद्यात उतरल्या. स्त्रियांचा हा आकडा मला विशेष बोलका वाटतो. स्वतःच्या क्रमांकावर आणि स्वतःच्या गुप्त आकड्याखाली असलेला पैसा घरातील कोणी न विचारता उचलू शकत नाही. पुढे याच फोनवर कर्जेही मिळू लागली. काही मिनिटांत मिळणारे हे कर्ज महाग पडले, किरकोळ थकबाकीसाठी असंख्य लोकांची नावे बुडव्यांच्या यादीत गेली, आणि अखेर २०२२ मध्ये केनियाच्या मध्यवर्ती बँकेला फोनवरून कर्ज देणाऱ्यांसाठी परवान्याचे नियम करावे लागले.

सामाजिक परिणामांबद्दल थोडक्यात लिहितो. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी, मुले पळविणारी टोळी फिरत असल्याच्या व्हॉट्सअॅपवरील अफवेमुळे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. अफवा फोनवरून आली, परंतु भटक्या माणसाकडे संशयाने पाहण्याची सवय गावागावांत फार जुनी आहे. फोनने त्या संशयाला वेग दिला. दुसरीकडे, २०१६ मध्ये गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातील सूरज या गावाने अविवाहित मुलींना मोबाइल वापरण्यास बंदी केली होती. फोनने मुलीला मिळणारी मोकळीक त्या गावाने अचूक ओळखली होती, असे म्हणावे लागेल.

आता मोफत फोनविषयी. राजस्थान सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये महिलांना स्मार्टफोन देण्याची योजना सुरू केली, तशा योजना इतरत्रही झाल्या आहेत. यंत्र एकदाच द्यावे लागते, रिचार्ज मात्र दर महिन्याला लागतो. पूर्वी आपल्याकडे शिल्लक नसतानाही येणारे फोन घेता येत आणि मिस्ड कॉल देऊन निरोप पोहोचवता येई. २०१८ च्या अखेरीपासून खासगी कंपन्यांनी किमान रिचार्जची अट घातली आणि सर्वांत गरीब ग्राहकाची ती सोय गेली. त्यामुळे अशा योजनेचे मूल्यमापन माझ्याकडे आले, तर किती फोन वाटले हा आकडा मी बाजूला ठेवीन आणि वर्षभरानंतर त्या बाईच्या नावावरील सिमचे रिचार्ज कोण करते, फोन दिवसभर कोणाच्या खिशात असतो आणि त्यावर आलेले पैसे रोखीने काढण्यासाठी तिला किती लांब जावे लागते, एवढीच माहिती मागेन.