शिलावर्तुळे आणि केल्ट, सॅक्सन, व्हायकिंग

प्रश्न : आमच्या शिवाराला लागून मोठ्या दगडांची वर्तुळे आहेत. गावातील एका व्याख्यानात असे सांगण्यात आले, की इंग्लंडमधील स्टोनहेंज केल्टांनी उभारले, सॅक्सन आणि व्हायकिंगांनी तीच परंपरा पुढे चालवली आणि त्या सर्वांचे व आपल्याकडील वर्तुळे रचणाऱ्यांचे मूळ एकच आहे. यात तथ्य किती?
— एक वाचक, तालुका पारशिवनी, जिल्हा नागपूर

उत्तर : स्टोनहेंज या शिलावर्तुळाचा केल्टांशी, म्हणजे लोहयुगातील मध्य व पश्चिम युरोपच्या लोकांशी, जोडला जाणारा संबंध कालगणनेत टिकत नाही. तेथील खंदक इ.स.पू. ३०००च्या सुमाराचा असून प्रचंड शिळा इ.स.पू. २५००च्या आसपास उभ्या राहिल्या. केल्टांशी जोडली जाणारी हालश्टाटची लोहयुगीन संस्कृती मध्य युरोपात बहरली ती इ.स.पू. ८००नंतर. केल्टांच्या पुरोहितांविषयी, म्हणजे ड्रुइडांविषयी, रोमन लेखकांनी जे लिहून ठेवले त्यात पवित्र वनराया आहेत, शिलावर्तुळे नाहीत. ड्रुइड आणि स्टोनहेंज यांची सांगड विल्यम स्टकली या इंग्रज पुरावस्तू-अभ्यासकाच्या १७४०मधील ग्रंथामुळे लोकांच्या मनात पक्की बसली आणि व्याख्यानांतून ती आजही निघता निघत नाही.

विदर्भातील वर्तुळे लोहयुगातील, म्हणजे स्टोनहेंजहून दीड हजार वर्षांहूनही अधिक अलीकडची आहेत. नागपूरजवळच्या जुनापाणी येथे ती शेकड्यांनी आहेत. माहुरझरी येथील दफनांत घोड्यांचे अवशेष व त्यांच्या डोक्यावरील तांब्याची आभूषणे मिळाली, तर आपल्याच तालुक्यातील नायकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. व्याख्यात्यांना साम्यच दाखवायचे होते, तर ते दगडांपेक्षा घोड्यांत अधिक ठळक आहे. इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या लोहयुगीन, म्हणजे केल्टांच्या काळातील, थडग्यांत मृतासोबत रथ आणि क्वचित घोडेही पुरलेले आहेत. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळील सटन हू येथे, अँग्लो-सॅक्सन काळात, म्हणजे सॅक्सन आणि त्यांच्यासारखे जर्मनिक लोक इंग्लंडमध्ये स्थिरावल्यानंतर, एका तरुण योद्ध्याच्या शेजारच्या खड्ड्यात त्याचा घोडा पुरलेला आढळला. नॉर्वेतील ओसेबर्ग येथे, व्हायकिंग काळात, इ.स. ८३४मध्ये दोन स्त्रियांना जहाजासह पुरताना दहाहून अधिक घोडे बळी दिले गेले. तथापि, घोडा बाळगणे ज्या समाजात मानाचे होते, तेथे तो धन्यासोबत थडग्यात जाणे स्वाभाविक होते. एवढ्यावरून रक्ताचे नाते सिद्ध होत नाही.

व्हायकिंगांच्या दगडी रचना मात्र मुळातून पाहण्यासारख्या आहेत. डेन्मार्कमधील लिंडहोम होये या टेकडीवर सुमारे सातशे दफने असून अनेकांभोवती दगड मांडलेले आहेत. काही मांडण्या गोल वा लंबगोल, काही त्रिकोणी, तर काही हुबेहूब जहाजाच्या आकाराच्या, दोन्ही टोकांना निमुळत्या होत गेलेल्या आहेत. टोकदार मांडण्या बहुधा पुरुषांच्या आणि गोलाकार स्त्रियांच्या असल्याचे संशोधक मानतात. मृताचे दहन करून राख त्या मांडणीत ठेवली जाई. पुढे वाऱ्याने आलेल्या वाळूखाली ही टेकडी गाडली गेली, म्हणूनच तेथील दगड बांधकामासाठी कोणी उचलून नेले नाहीत. आपल्याकडे धुऱ्यांसाठी आणि रस्त्याच्या खडीसाठी वर्तुळेच्या वर्तुळे नाहीशी झाली, त्या वर्तुळांना असे पांघरूण मिळाले नाही.