वाचकांचे प्रश्न: पाब्लो कसाल्स कसे ऐकवावेत?

प्रश्न: आमच्या वाचक मंडळात चेलो (व्हायोलिनच्या जातीचं, खर्जातलं मोठं वाद्य) वाजवणारे पाब्लो कसाल्स यांच्यावर तासाभराचा कार्यक्रम करायचा आहे. युद्धकाळात ते शांततेसाठी बोलले, म्हणून आम्हाला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो. पण मंडळातले बहुतेक जण फक्त हिंदुस्थानी संगीत ऐकणारे आहेत. काय ऐकवावं, किती बोलावं?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर: आधी ऐकवा, मग बोला. उलट केलंत तर लोक चरित्राने भारावतात आणि संगीत मागे नुसतं वाजत राहतं. सुरुवात ‘पक्ष्यांचं गाणं’ या कातालान (स्पेनमधल्या कातालोनियाच्या) लोकगीताने करा. साडेतीन मिनिटांच्या आसपास आहे. 13 नोव्हेंबर 1961 ला व्हाइट हाउसमध्ये त्यांनी ते वाजवलं, तेच ध्वनिमुद्रण घ्या. वरच्या सप्तकात पियानोची किलबिल होते आणि तिच्याखालून चेलो येतो. कसाल्स तेव्हा 84 वर्षांचे होते. वाजवताना त्यांच्या घशातून निघणारा हुंकार ऐकू येतो. तो मुद्रणाचा दोष नव्हे, हे आधी सांगून ठेवा. चाल कोमल गंधाराची आहे, कीरवाणी ऐकलेल्या कानाला ती परकी वाटणार नाही.

स्पीकरकडे दुर्लक्ष करू नका, बहुतेक कार्यक्रम तिथेच बिघडतात. चेलोची सर्वांत खालची तार 65 हर्ट्झच्या आसपास लागते, सर्वांत वरची 220 ला. मुठीएवढा ब्लूटूथ स्पीकर हा खर्ज देतच नाही, मग चेलो किरटा वाटतो. 8 इंची वूफरचे दोन स्पीकर आणा, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवा आणि कोपऱ्यापासून दोन-तीन फूट पुढे घ्या. कोपऱ्यात खर्ज घुमतो. पुढे जर्मन संगीतकार बाखचा पहिला सुइट (नृत्यचालींवरच्या छोट्या रचनांची मालिका) लावा. कसाल्सनी हे सहा सुइट 1936 ते 1939 मध्ये मुद्रित केले, त्यामुळे खरखर येणारच. ट्रेबल वाढवलात तर तीच आणखी टोचेल.

मग पंधरा मिनिटं बोला. 18 जुलै 1936 च्या संध्याकाळी बार्सिलोनात बेटोव्हनच्या नवव्या सिंफनीची तालीम चालू होती. लष्कराचं बंड होणार, इमारत रिकामी करा, असा निरोप आला. कसाल्सनी वादकांना विचारलं आणि सगळ्यांनी शेवटचा भाग पूर्ण वाजवूनच निरोप घेतला. हा प्रसंग सावकाश सांगा. पुढचं थोडक्यात चालेल: त्या बंडातून पेटलेल्या यादवी युद्धात हुकूमशहा फ्रँको जिंकल्यावर फ्रान्समधल्या प्राद गावी वनवास; 1945 नंतर फ्रँकोला मान्यता देणाऱ्या देशांत न वाजवण्याचा निर्धार; 1950 मध्ये ते बाहेर जात नाहीत म्हणून वादकच प्रादला आले; आणि 24 ऑक्टोबर 1971 ला, 94 व्या वर्षी, संयुक्त राष्ट्रसंघात पुन्हा तेच गाणं. पक्षी आकाशात ‘शांतता, शांतता’ असंच गातात, असं ते तिथे म्हणाले.

कुणीतरी नक्की विचारेल, ‘मग व्हाइट हाउसला कसे गेले?’ प्रश्न टाळू नका. अमेरिकेची फ्रँकोला मान्यता होती. राष्ट्राध्यक्ष केनेडींवरच्या आदरापोटी त्यांनी हा अपवाद केला. ‘शांततावादी असून एका बाजूचे कसे?’ असंही विचारतील. ते तटस्थ नव्हतेच. हुकूमशाहीशी तडजोड करून मिळणारी शांतता त्यांना नको होती आणि त्यासाठी त्यांनी स्वतःचं व्यासपीठ सोडलं. आम्हाला आदर वाटतो तो या किमतीचा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी त्यांची वचनं मात्र फलकावर लावू नका. खरं-खोटं शोधता शोधता संध्याकाळ जाते.

शेवटी पहिलंच गाणं पुन्हा लावा, न बोलता.

प्रश्न: कसाल्ससारखं हुकूमशाहीविरुद्ध उभं राहिलेलं, पण बडोद्याशी नातं असलेलं कुणी संगीतातलं माणूस आहे का?
– एक वाचक, मांडवी, वडोदरा

उत्तर: नूर इनायत खान. वडील इनायत खान 1882 मध्ये बडोद्यात जन्मलेले गायक आणि वीणावादक, उस्ताद मौलाबक्षांचे नातू. नूर पॅरिसला संगीत शिकली, हार्प वाजवायची. घरची शिकवण अहिंसेची, तरीही नाझींविरुद्ध उभं राहायचं म्हणून ब्रिटनच्या गुप्त संघटनेसाठी बिनतारी संदेश पाठवण्याचं जिवावरचं काम तिने पत्करलं. जून 1943 मध्ये ती नाझींच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये उतरली. 13 सप्टेंबर 1944 ला दाखाउच्या छळछावणीत तिला मारलं. 1949 मध्ये तिला जॉर्ज क्रॉस हा ब्रिटनचा शौर्यसन्मान मरणोत्तर जाहीर झाला. तिला कसाल्सच्या तासात कोंबू नका, वेगळी संध्याकाळ द्या. सुरुवात सुरसागर तलावासमोरच्या संगीत महाविद्यालयापासून करा. 1886 ची ती गायनशाळा मौलाबक्षांनीच उभी केली.