नववीची मार्कलिस्ट आणि सॉकरची स्कॉलरशिप

तुम्ही विचारलंय ते सगळं २०१९ साली, कोल्हापूरहून इथे आले तेव्हा, मलाही कुणाला तरी विचारायचं होतं. तुमच्या मिस्टरांची बदली पुण्याहून इंडियानातल्या कोलंबसला, मुलगा नववीत, शाळेकडून आणि क्लबकडून फुटबॉल खेळणारा, आणि कुणीतरी कानात सांगितलंय की अमेरिकेत सॉकर चांगलं खेळलं की युनिव्हर्सिटी फुकटात होते. हे खरं का, आणि तुम्ही तिकडे खूश आहात का, असे तुमचे मुख्य दोन प्रश्न. पहिल्याचं उत्तर मला नीट देता येईल.

भाडं, विमा, लायसन्स यावर मी लिहीत नाही. ते कंपनीवाले सांगतील.

आधी पैशाचं बोलू. पुरुषांच्या सॉकरला डिव्हिजन वनच्या, म्हणजे खेळात सगळ्यात वरच्या गटातल्या, कॉलेजला परवापरवापर्यंत पूर्ण स्कॉलरशिप किती देता यायच्या? ९.९. तुमच्या मुलाला नव्हे, अख्ख्या संघाला! पंचवीस-तीस पोरं आणि नऊ पूर्णांक नऊ स्कॉलरशिप. मग कोच त्याचे तुकडे करतो, कुणाला अर्धी, कुणाला पाव, कुणाला फक्त पुस्तकांचे पैसे. बायकांच्या सॉकरला १४ असायच्या, कारण १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने मुलींना बरोबरीने द्यावं लागतं आणि त्यांचं ते अमेरिकन फुटबॉल एकटं मुलांच्या बाजूच्या ८५ खाऊन टाकायचं. उरलेल्या मुलांच्या खेळांनी हात चोळत बसायचं. २०२५ च्या जूनमध्ये खेळाडूंच्या पैशांवरच्या खटल्यात कोर्टात तडजोड मंजूर झाली आणि हे आकडे गेले. आता त्या व्यवस्थेत सामील झालेल्या कॉलेजांना सॉकर संघात जास्तीत जास्त २८ मुलं ठेवता येतात. कागदोपत्री सगळ्या २८ जणांना पैसे देता येतात, पण पैसा जातो कुठे ते सांगायला नको. वर २८ चा आकडा आला म्हणजे ‘पैसे नकोत, फक्त संघात घ्या’ म्हणून येणाऱ्या पोरांची जागाच कमी झाली. हार्वर्ड-येलसारखी आयव्ही लीगची कॉलेजं खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत, सगळ्यात खालच्या डिव्हिजन थ्रीलाही ती नसते. तर फुकट हा शब्द आत्ताच डोक्यातून काढा.

तुम्ही येताय त्या कोलंबसपासून ब्लूमिंग्टन तासाभरावर आहे. इंडियाना युनिव्हर्सिटीचा सॉकर संघ म्हणजे या देशातल्या मोठ्या घराण्यांपैकी एक. आठ राष्ट्रीय विजेतेपदं, १९८२ पासून २०१२ पर्यंतची. जेरी येगली या माणसानं तिथे आधी नुसता क्लब चालवला, १९७३ ला त्याचा अधिकृत संघ झाला, आणि २००३ ला विजेतेपद घेऊनच तो निवृत्त झाला. २०१० पासून त्याचाच मुलगा टॉड येगली कोच आहे. (तो कोलंबस क्रूकडून खेळायचा. ते कोलंबस ओहायोतलं, आपलं नव्हे. माझ्या सासरेबुवांना हे अजून पटलेलं नाही.) आर्मस्ट्राँग स्टेडियमवर मैदानाभोवती सायकलींचा ट्रॅक आहे, एप्रिलमध्ये तिथे ‘लिटल ५००’ ही सायकल शर्यत होते. ऑगस्टच्या शेवटी सामने सुरू होतात आणि नोव्हेंबरात प्रेक्षक घोंगड्या गुंडाळून बसतात. मुलाला पहिल्याच महिन्यात तिथे घेऊन जा. टीव्हीवर बघून अंदाज येत नाही. पोरं अंगानं केवढी असतात, चेंडू मिळाल्यावर किती कमी वेळ मिळतो आणि बदली खेळाडू किती येतात-जातात ते बघा. इथे पहिल्या हाफमध्ये बाहेर गेलेला त्या हाफमध्ये परत येत नाही, पण दुसऱ्या हाफमध्ये बाहेर गेलेल्याला एकदा परत येता येतं. त्यामुळे सगळे जीव तोडून पळतात. कोल्हापूरसारखं दमलं की मिडफिल्डला जरा उभं राहून श्वास घ्यायचा, हे चालत नाही.

आणि या संघांत कोण असतं ते बघा. मे २०२१ मध्ये, कोविडमुळे लांबलेल्या हंगामाच्या अंतिम सामन्यात मार्शल युनिव्हर्सिटीनं इंडियानाला जादा वेळेत १-० ने हरवलं. मार्शलच्या त्या संघात परदेशी पोरं भरपूर होती. जर्मनी, इंग्लंड, ब्राझील, नॉर्वे, तिथल्या व्यावसायिक क्लबांच्या अकादमीत वाढलेली आणि तिथे पुढची पायरी न मिळालेली पोरं इथे पहिल्या वर्षाला येतात. आपला सतरा-अठरा वर्षांचा पोरगा त्यांच्याशी त्याच जागेसाठी झगडतो. कोल्हापूरच्या अनिकेत जाधवनं २०१७ चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळला तेव्हा आमच्या घरात दिवाळी होती, आणि आपल्याला वाटायचं की पोरगा त्या वाटेवर आहे. असेलही. इथली वाट निराळी आहे.

आता माझ्या पोटातलं. तुमचा मुलगा नववीत आहे म्हणून सांगते, बाकी काही नाही वाचलंत तरी एवढं वाचा.

माझा मुलगा कोल्हापुरात नववी पूर्ण करून आला. डावखुरा, लेफ्ट बॅक. शाळेच्या काउन्सिलर बाई फार गोड होत्या. त्यांनी वय बघितलं, कागद बघितले आणि म्हणाल्या, इथे परत नववीतच बसवू, रुळायला वेळ मिळेल. सॉकर कोचही खूश, चार वर्षं खेळाडू मिळाला. आम्हीही हो म्हणालो, कारण नाही म्हणायला कारण दिसत नव्हतं. आता कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनसीएए या संघटनेचा नियम असा: डिव्हिजन वनला खेळायचं तर शाळेतले १६ कोअर कोर्स, म्हणजे इंग्रजी, गणित, विज्ञान असे मुख्य विषय, लागतात, आणि घड्याळ सुरू होतं ते पहिल्यांदा नववीत बसलात तिथून. तिथून आठ सेमिस्टर. त्यातले दहा कोर्स सातवं सेमिस्टर सुरू व्हायच्या आत. म्हणजे त्याची कोल्हापूरची नववी हीच पहिली दोन सेमिस्टर. इथे अकरावीला जायच्या आधीच दहा कोर्स हातात हवे होते. आणि कोल्हापूरच्या नववीचे विषय त्यात धरून घ्यायचे, तर नववीची मार्कलिस्ट हवी.

हे त्या शाळेत एकाही माणसाला ठाऊक नव्हतं. एकालाही नाही. मोठमोठे कप काचेच्या कपाटात लावलेत, पण बाहेरच्या देशातून आलेल्या मुलाचं घड्याळ कधी सुरू झालं हे विचारायला कुणी नाही.

आम्हाला कळलं २०२१ च्या जूनमध्ये. कॉलेजचे कोच मुलाशी थेट बोलू शकतात ते दहावीनंतरच्या १५ जूनपासून. त्या रात्री बारा वाजता इथली सगळी सॉकरवाली घरं जागी असतात. आमच्याकडे फोन जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवलेला, चार्जर लावून, आणि पोरगा त्याच्याकडे न बघण्याचं नाटक करत दुधात कॉर्नफ्लेक्स ढवळतोय. मेल आल्या बऱ्याच. ‘आम्ही तुला बघितलंय, आमच्या कँपला ये.’ या मेल शेकड्यांनी जातात आणि कँपचे पैसे आपण भरायचे असतात, हे तेव्हा त्याला माहीत होतं, मला नव्हतं. दोन दिवसांनी एका मध्यम कॉलेजच्या असिस्टंट कोचचा खरोखरचा फोन आला. त्यानं व्हिडिओ बघितला होता, डावा पाय आवडला होता. त्यानं एलिजिबिलिटी सेंटरचा (एनसीएएचं पात्रता तपासणारं ऑफिस) नंबर आणि सगळे ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे मार्कलिस्टा, मागितले. तिथे नववीची गाठ पडली.

आणि २०२१ चा जून म्हणजे कोल्हापुरात काय चाललं होतं आठवा. दुसरी लाट, शाळेला कुलूप. माझा भाऊ क्लार्कच्या घरी गेला, गेटबाहेर उभं राहून बोलला. क्लार्क म्हणाले, “दहावी-बारावीचं मागा की, नववीचं कोण मागतंय?” मग मार्क सापडले, तर हेडसरांची सही नाही. सही झाली, तर पाकीट सील केलेलं नाही, आणि इथल्यांना ते शाळेकडून थेट हवं. त्यात नावाचा घोळ! आपल्याकडे शाळेच्या रजिस्टरात आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. इथल्या शाळेनं शेवटचा शब्द आडनाव म्हणून उचलला. एक अख्खा हंगाम पोराच्या पाठीवर माझ्या नवऱ्याचं नाव होतं आणि कोच मैदानात “कमॉन सुरेश” असं ओरडायचा. आम्ही तेव्हा हसलो. एनसीएएच्या फाइलीत मात्र तो एकाच्या जागी दोन मुलगे झाला.

कागद पोचेपर्यंत पाऊस संपला होता. कोविडमुळे तेव्हाच्या सगळ्या खेळाडूंना एक वर्ष जास्तीचं दिलं होतं, त्यामुळे जुनी पोरं जागा सोडत नव्हती, आणि कॉलेज बदलू पाहणाऱ्यांच्या ऑनलाइन यादीतून तयार खेळाडू मिळत होते. त्या कोचनं फोन करणं थांबवलं. कागदांमुळे, कोविडमुळे, की माझा मुलगा तेवढा चांगला नव्हता म्हणून? हे मला कधीच कळणार नाही. नवरा म्हणतो, तिसरं कारण. मुलगा म्हणतो, “आई, सोड.” मी सोडलेलं नाही हे तुम्हाला दिसतंच आहे.

क्लबचं थोडक्यात. इथे चांगलं सॉकर म्हणजे पैसे भरून खेळायचं सॉकर. वर्षाला काही हजार डॉलर, त्याखेरीज इंडियानापोलिस, सिनसिनाटी, सेंट लुईसच्या चकरा, हॉटेलं, पेट्रोल. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पीटीएम आणि दिलबहार या क्लबांचा सामना असला की दुकानदार, हमाल, वकील एकाच पायरीवर बसायचे. इथे मैदानाच्या कडेला बसतात ते फी परवडणारे आईबाप, कप ठेवायची जागा असलेल्या घडीच्या खुर्च्यांवर. मोठ्या लीगच्या काही संघांत गेलं की शाळेकडून खेळायला मनाई असते. ते आधी विचारून घ्या, कारण शाळेत मित्र होतात ते शाळेच्या संघामुळे.

एकटेपणाबद्दल दोन ओळी लिहिल्यात. येतो. कोलंबसला इंजिनाच्या कंपनीमुळे पुण्याची मंडळी भरपूर, गणपती होतो, हळदीकुंकू होतं. जानेवारीत वाईट, एप्रिलमध्ये बरं. जिम लावा.

मी कोल्हापुरात सहकारी बँकेत होते, इथे आल्यावर काही वर्षं काम करायची परवानगी नव्हती. म्हणून प्रॅक्टिसला नेणं-आणणं हीच माझी नोकरी झाली. संध्याकाळी पाच ते साडेसात, गाडीत, शिनगार्डच्या कुबट वासात, थर्मासमधला चहा. पोराचं खेळणं नीट चाललं तर इथे आलो ते ठीक झालं, असा हिशेब मी त्या गाडीत मांडला होता. पोराला हे सांगितलेलं नाही. त्याला कळलं असावं.

आता तो इथल्याच एका छोट्या डिव्हिजन थ्री कॉलेजात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिथे पात्रता कॉलेज स्वतः ठरवतं, नववीचं कुणी काही विचारलं नाही. खेळाचे पैसे नाहीत, पण मार्कांवरून बऱ्यापैकी सूट मिळाली. तो लेफ्ट बॅक खेळतो, कधी सुरुवातीपासून, कधी साठाव्या मिनिटापासून. मजेत आहे. डिव्हिजन वनला गेला असता तर लॅब आणि प्रॅक्टिस यांच्यात लॅब हरली असती हे मलाही कळतं. कागदोपत्री आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे, पण प्रवास त्यात धरत नाहीत. आणि २०२४ पासून इंडियानाच्या बिग टेन लीगमध्ये लॉस एंजेलिस आणि सिएटलचीही कॉलेजं आलीत. सेमिस्टरच्या मध्यात तीन टाइमझोन पलीकडे सामना खेळून पोरं हॉटेलच्या लॉबीत लॅपटॉप उघडतात.

आणखी एक, जे बदलीच्या आनंदात कुणी सांगत नाही. तुम्ही नोकरदाराच्या कुटुंबाला मिळणाऱ्या एल-२ व्हिसावर या की एच-४ वर, मूल २१ वर्षांचं झालं की तुमच्या व्हिसातून बाहेर पडतं. भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डाची रांग तोवर संपत नाही. माझ्या मुलाचा एकविसावा वाढदिवस गेल्या ऑक्टोबरात, ऐन हंगामात. त्याआधी त्याला स्वतंत्र विद्यार्थी व्हिसावर जावं लागलं, म्हणजे परत फॉर्म, परत फोटो, परत बँकेचे कागद. आणि जाहिरातींचे पैसे आता कॉलेजच्या खेळाडूंना मिळतात म्हणतात, ते आपल्या पोरांसाठी नव्हेत. त्या व्हिसावर तसं काम चालत नाही.

तुमचा शेवटचा प्रश्न, परत संधी मिळाली तर याल का. नवरा हो म्हणतो, मुलगाही हो म्हणतो. माझं उत्तर कुठल्या महिन्यात विचारता त्यावर आहे.

तुमचं निघायचं जूनमध्ये ठरतंय ना? मग एप्रिलमध्ये निकाल लागला की शाळेतून नववीच्या मार्कलिस्टच्या चार प्रती काढा, प्रत्येकीवर हेडमास्तरांची सही आणि शिक्का, चारही सीलबंद पाकिटात. एकही फोडू नका. शाळेचा ईमेल चालू आहे का ते स्वतः मेल टाकून बघा. इथल्या शाळेनं परत नववीत बसवायचं म्हटलं तर सही करण्याआधी मला फोन करा. आणि आडनावाच्या रकान्यात आडनावच लिहा, त्यांच्या बाईंनी टाइप केल्यावर परत एकदा बघा.