‘बिकु’ म्हणजे हिरा नव्हे

एका वाचकाने विचारले आहे की, लिस्बनच्या ‘काझा दुश बिकुश’ या जुन्या घराला मराठीत ‘हिऱ्यांचा वाडा’ म्हणतात ते बरोबर, की ‘चोचींचे घर’?

हिरे आधी बाजूला काढा. इटलीत फेर्राराच्या प्रासादाला हिऱ्यांचे नाव आहे, ते तिथेच राहू द्या. आणि ‘कासा डॉस बिकोस’ हा स्पॅनिश थाटाचा उच्चार आता थांबला पाहिजे, ऐकून कान किटले. हे घर पोर्तुगीज आहे. गोवा जिंकणाऱ्या अफोंसु द अल्बुकेर्कच्या मुलाने, ब्राशने, इटली पाहून आल्यावर ते 1523 मध्ये बांधले. 1755 च्या भूकंपात वरचे दोन मजले गेले. 1910 पासून ते राष्ट्रीय स्मारक आहे. दर्शनी भिंतीचा दगड न् दगड चारी अंगांनी चढत जाऊन मधोमध टोकाला येतो. ते टोक म्हणजे ‘बिकु’. चवड्यांवर उभे राहण्यालाही पोर्तुगीजमध्ये ‘बिकु’च लागतो. तेव्हा ‘टोकेरी दगडांचे घर’ म्हणा.

पण मूळ अर्थ चोचच, आणि खरी गंमत तिथे आहे. रोमन चरित्रकार सुएटोनियस सांगतो की, तोलोसात, म्हणजे आजच्या तुलूझमध्ये, जन्मलेल्या अंतोनियस प्रायमस या सेनापतीला लहानपणी ‘बेक्को’ म्हणत, म्हणजे कोंबड्याची चोच! शब्द लॅटिन नव्हे, गॉल लोकांचा, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागातल्या प्राचीन रहिवाशांचा. फ्रेंच ‘बेक’, इंग्रजी ‘बीक’, पोर्तुगीज ‘बिकु’ ही सगळी त्याचीच पिलावळ.

मग लॅटिनची स्वतःची चोच कुठे गेली? ती होती ‘रोस्ट्रम’, कुरतडण्याचे साधन, आपल्या ‘रदन’ची नातलग. पोर्तुगीजमध्ये तिचे ‘रोश्तु’ झाले आणि अर्थ झाला चेहरा! कोशकार इथे ‘अर्थविस्तार’ लिहून हात झटकतात. विस्तार कसला? चोचीचा चेहरा आपोआप होत नाही. माझे मत असे की, आपण रागाच्या भरात तोंडाला ‘थोबाड’ म्हणतो, तसे छावणीतले रोमन शिपाई एकमेकांच्या तोंडाला ‘चोच’ म्हणत असणार. शिवी रुळली, सभ्य झाली, चेहऱ्याला कायमची चिकटली. पक्ष्याच्या चोचीला मग वेगळा शब्द हवा होता, आणि ती रिकामी जागा गॉलांच्या कोंबड्याने पटकावली. ‘रोस्ट्रम’ आधी हटला आणि ‘बेक्को’ नंतर आला, हा क्रम उलटा सांगणाऱ्यांनी शिवीचा विचारच केलेला नाही.