डॉजर्सचा खर्चिक हिवाळा आणि फलंदाजीचा क्रम

लॉस एंजेलिस डॉजर्स या अमेरिकी बेसबॉल संघाने २०२३-२४ च्या हिवाळ्यात शंभर कोटी डॉलरहून अधिक रकमेचे करार केले, ते नियमांत कसे बसले आणि त्यामुळे फलंदाजी खरोखर किती बळकट झाली, असे आपण विचारले आहे. माझ्या मते त्या पैशांनी क्रमाचा माथा अभेद्य केला, पण संघाचे वर्ष ठरले ते मधल्या क्रमातल्या एका लहानशा करारामुळे.

आधी पैशांचे पाहू. आयपीएलच्या २०२५ च्या लिलावात प्रत्येक संघाला १२० कोटी रुपयांची मर्यादा होती. अमेरिकेतल्या मेजर लीग या बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेत अशी सक्त मर्यादा नाही. तिथे संघाच्या एकूण पगारखर्चाचा एक उंबरठा आहे, जो २०२४ साली २३.७ कोटी डॉलर होता, आणि तो ओलांडणाऱ्या संघाला वरच्या रकमेवर कर भरावा लागतो. सलग तिसऱ्या किंवा त्यापुढच्या वर्षी उंबरठा ओलांडला आणि तोही फार मोठ्या फरकाने ओलांडला, तर वरच्या टप्प्यात कराचा दर ११० टक्क्यांपर्यंत जातो, म्हणजे खेळाडूला एक डॉलर देताना लीगला त्याहून अधिक द्यावा लागतो. फलंदाजी आणि गोलंदाजी दोन्ही करणाऱ्या शोहेई ओहतानीच्या कराराची मेख इथेच आहे. दहा वर्षांचे ७० कोटी डॉलर, पण खेळत असताना वर्षाला फक्त २० लाख, आणि उरलेले ६८ कोटी २०३४ ते २०४३ या काळात बिनव्याजी. (आपल्याकडे कोणी पगाराचा असा करार केला असता, तर घरच्यांनीच त्याला वेड्यात काढले असते.) पुढे मिळणाऱ्या पैशांचे आजचे मूल्य कमी धरले जात असल्याने करापुरती ही रक्कम वर्षाला ७ नव्हे, तर सुमारे ४.६ कोटी मोजली जाते. तरीही २०२४ साठी डॉजर्सला १० कोटी डॉलरहून अधिक कर भरावा लागलाच.

आता हा पैसा गेला कुठे? योशिनोबु यामामोतोचे बारा वर्षांचे ३२.५ कोटी आणि टायलर ग्लास्नोचे पाच वर्षांचे सुमारे १३.६५ कोटी हे दोन्ही करार पिचरचे, म्हणजे बेसबॉलमधल्या गोलंदाजांचे होते. २०२३ च्या हंगामात डॉजर्सने शंभर सामने जिंकूनही त्यानंतरच्या बाद फेरीत ॲरिझोनाने त्यांना ३-० असे घरी पाठवले होते, आणि त्या मालिकेच्या पहिल्याच सामन्यात त्यांचा पिचर क्लेटन कर्शॉने पहिल्या डावात सहा धावा दिल्या होत्या, त्यामुळे पिचरांवरचा हा भर समजण्यासारखा आहे. ओहतानीच्या कोपरावर शस्त्रक्रिया झालेली असल्याने २०२४ मध्ये तो केवळ फलंदाजी करणार होता. म्हणजे त्या वर्षीच्या फलंदाजीत नवी भर दोनच मोठ्या नावांची होती: एक ओहतानी, आणि दुसरा एका वर्षासाठी २.३५ कोटींवर आलेला टिओस्कार हर्नांडेझ.

२०२४ च्या हंगामाच्या सेऊलमधल्या पहिल्या सामन्यात संघाचे व्यवस्थापक डेव्ह रॉबर्ट्स यांनी जो क्रम लावला, तो मला आजही देखणा वाटतो: बेट्स, ओहतानी, फ्रीमन, स्मिथ, मन्सी, हर्नांडेझ, आणि मग आउटमन, हेवर्ड यांच्यासह खालचे तिघे. पहिले तिघेही एमव्हीपी, म्हणजे हंगामाचे सर्वोत्तम खेळाडू ठरलेले, आणि २०२३ मध्ये तिघांचेही बाद न होता बेसवर (मैदानातल्या धावटप्प्यावर) पोहोचण्याचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर. बेसबॉलमध्ये नऊ फलंदाजांचे चक्र फिरत राहते, त्यामुळे क्रमात एक जागा वर सरकणाऱ्याला १६२ सामन्यांच्या हंगामात साधारण अठरा संधी अधिक मिळतात. सर्वोत्तम माणसांना वर ठेवण्यामागचे गणित एवढेच आहे. ओहतानी आणि फ्रीमन हे दोघे डावखुरे लागोपाठ येतात, आणि डावखुऱ्या फलंदाजाला डावखुरा पिचर सहसा जड जातो, म्हणून प्रतिस्पर्ध्याला डावखुरा पिचर आणण्याचा मोह होतो; पण २०२० पासून बदली पिचरला, डाव तिथेच संपला नाही तर, किमान तीन फलंदाजांना सामोरे जावे लागते, आणि तिसरा असतो उजव्या हाताने खेळणारा विल स्मिथ.

प्रत्यक्षात हा क्रम फार काळ टिकला नाही. जूनमध्ये बेट्सच्या हाताचे हाड मोडले, ओहतानी सलामीला आला आणि तिथेच राहिला. ५४ होम रन (चेंडू थेट मैदानाबाहेर मारलेले फटके) आणि ५९ चोरलेले बेस (फटक्याविना धावून गाठलेला पुढचा टप्पा) ही त्याची त्या हंगामाची कमाई. मन्सी तीनेक महिने जायबंदी होता, आउटमनला खालच्या लीगमध्ये धाडावे लागले, हेवर्डला ऑगस्टमध्ये सोडून देण्यात आले. या पडझडीत ३३ होम रन मारून मधला क्रम हर्नांडेझने धरून ठेवला. न्यूयॉर्क यँकीजविरुद्धच्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अंतिम मालिकेत, खांदा दुखावलेल्या ओहतानीला १९ प्रयत्नांत दोनच हिट (बेसवर पोहोचवणारे यशस्वी फटके) मिळाले. मालिकेचा मानकरी फ्रीमन ठरला, तर पाचव्या सामन्यात ०-५ अशा पिछाडीनंतर बरोबरी साधणारा दोन धावांचा फटका हर्नांडेझचा होता.

याचा अर्थ एका वर्षाचा प्रत्येक करार असाच फळतो असे मात्र नाही. डॉजर्सने २०२४-२५ च्या हिवाळ्यात हर्नांडेझला तीन वर्षांसाठी ६.६ कोटी देऊन राखले आणि त्याच हिवाळ्यात मायकेल कन्फोर्टोला एका वर्षासाठी १.७ कोटींना घेतले; कन्फोर्टोची २०२५ ची सरासरी हजार प्रयत्नांमागे दोनशे हिटपर्यंतही पोहोचली नाही आणि ऑक्टोबरमधल्या बाद फेरीच्या संघात त्याला जागा मिळाली नाही.