पुरातल्या जनावरांची मदत, आणि दुकानदाराच्या बाटल्या

सीना नदीकाठच्या गावांतून सप्टेंबर २०२५ च्या पुरापासून तेच प्रश्न फिरून फिरून येतायत, म्हणून एकदाच लिहितो. दुभती गाय पुरात गेली, सरकारी मदत किती मिळते? घाईत पुरून टाकली, आता काय? आणि जी वाचलीत ती चाऱ्याला तोंड लावत नाहीत, दुकानदाराने औषधाची बाटली दिलीय, लावू का?

शेवटच्याचं उत्तर आधी: नका लावू.

पैशाचं थोडक्यात. २०२५ च्या पुराला एका जनावरामागे रुपयांत दर असे होते: दुभती गाय-म्हैस ३७,५००, बैल ३२,०००, वासरू २०,०००, शेळी-मेंढी ४,०००, कोंबडी १००. तीनच जनावरांपर्यंत मदत ही अट त्या वेळी राज्याने काढून टाकली होती. पंचनामा, डॉक्टरचा शवविच्छेदन अहवाल, आधार जोडलेलं खातं, एवढंच लागतं. "साहेबांना द्यायचेत" म्हणून पैसे मागणारा एजंट दारात उभा करू नका.

जनावर मेलं की आधी फोटो, कानातला बिल्ला नीट दिसेल असा, मग तलाठी आणि डॉक्टरला फोन, आणि मगच खड्डा, विहिरीपासून लांब, वरून चुना. पुरून झालं असेल तर बिल्ल्याचा नंबर, डेअरीची पावती, लसीकरणाची नोंद, शेजाऱ्यांचे जबाब, जे हाताशी असेल ते घेऊन तलाठ्याकडे जा, घरी बसून पैसे येत नसतात.

आता खरा त्रास. पूर ओसरला की चार दिवसांत गावात बाटल्यांचा बाजार भरतो. गाय थरथरतेय, बसलीय, की दुकानदार कॅल्शियम देतो आणि घरातलं पोरगं ते थेट शिरेत सोडतं, तेही भरभर. कॅल्शियम शिरेत भरभर गेलं की हृदय बंद पडतं आणि गाय सुई निघायच्या आत आडवी होते, असल्या गोठ्यांत मी पंचनाम्याला उभा राहिलोय. तिथे मरणाचं कारण पूर असं मी लिहू शकत नाही, म्हणजे गायही गेली आणि मदतही. शिरेतलं औषध डॉक्टरच देणार, बस्स.

जंताच्या औषधाचंही तेच. "पाण्यात उभी होती, डबल डोस द्या" हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय? डोस वजनावर ठरतो, पुरावर नाही. नुकतीच रेतन करून भरवलेली गाय असेल तर अल्बेंडाझोल अजिबात नको, गाभ जातो. आणि बाटलीने पाजताना तोंड वर ओढून जीभ धरू नका, ठसका लागला की औषध फुफ्फुसात. घटसर्प-फऱ्या या जीवघेण्या आजारांची लस पावसाळ्याआधीच घ्यायची असते, जनावर तापल्यावर लस मागायला येऊ नका आणि दुकानदाराने दिली तरी टोचू नका. परत सांगतो, दुकानदार डॉक्टर नाही.

चारा खात नाहीत कारण बऱ्याचदा कडबाच भिजून बुरसलेला असतो. तो टाकून द्या, उन्हात वाळवून बुरशीचं विष जात नाही.

मदतीच्या पैशात लगेच दलालाकडून गाय घेऊ नका, आधी मुरघास करा, म्हणजे हिरवा चारा हवाबंद मुरवून टिकवा. हे मी दर सभेत सांगतो, लोक हसतात, हसू द्या. मका, दाणा चिकात म्हणजे अजून कोवळा, दुधाळ असताना कापायचा, कुट्टी बारीक, पिशवीत थर दाबून दाबून हवा काढायची, तोंड घट्ट, ४५ दिवस हात लावायचा नाही. पिशव्या उंचवट्यावर ठेवा. त्यात युरिया टाका म्हणून कोणी सांगेल, प्रमाण चुकलं तर जनावर फुगून मरू शकतं, टाकू नका. गाय मुरघास झाल्यावर घ्या, तीही बिल्ला आणि लसीची नोंद बघूनच.